खांदेरीची वहिवाट

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या सणसर-भवानीनगरच्या पट्ट्यातून समुद्र गाठायचा, तर आधी अख्खा सह्याद्री ओलांडावा लागतो. तरीही दोन देश इवल्याशा बेटासाठी पिढ्यानपिढ्या का भांडतात, हे इथल्या माणसाला समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ तालुक्याच्या कोर्टात उभे राहतात, तेव्हा भांडण त्या हातभर मातीचं नसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. बांधाशेजारून पाट जातो, गाडीवाट जाते, उद्याची विहीर तिथेच पडायची असते. आणि असा वाद निघाला की पहिला कागद बाहेर येतो तो सातबाऱ्याचा. त्याच्या वरच्या भागात जमीन कोणाच्या नावावर आहे ते लिहिलेलं असतं, खालच्या भागात तिच्यात काय पिकलं ते. वर एकाचं नाव आणि शेत कसणारा दुसराच, असं झालं की खटला रंगतो. बेटांचे आंतरराष्ट्रीय वाद नेमके असेच असतात. एका देशाच्या हातात तहनामा आणि नकाशा असतो, दुसऱ्याचा माणूस बेटावर बसलेला असतो. माझं म्हणणं असं, की या झगड्यात सहसा सातबाऱ्याचा खालचा भाग जिंकतो, आणि तो जिंकतो हे बहुतेक वेळा न्यायालाही धरून असतं. मात्र ही वहिवाट कोणाची धरायची, या प्रश्नावर आजचा कायदा एक मोठी चूक करतो. हे पाहायला जपानच्या किंवा चीनच्या समुद्रात जायची गरज नाही. अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून दिसणारं खांदेरी पुरेसं आहे.

खांदेरी आणि तिची जोडबहीण उंदेरी ही दोन लहान बेटं मुंबई बंदराच्या दक्षिण तोंडाशी आहेत. उंदेरी किनाऱ्याला जास्त जवळची, खांदेरी थोडी बाहेर समुद्रात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तिथे ना किल्ला होता, ना वस्ती सांगावी अशी वस्ती. पण १६७०च्या दशकात या खडकांना एकदम मोल आलं. जंजिऱ्याचा सिद्दी मोगलांचा आरमारप्रमुख झाला होता. पावसाळ्यात त्याचं आरमार मुंबईत माझगावला आसऱ्याला येई, आणि तिथून त्याची माणसं पेण-नागोठण्याच्या बाजूला मराठ्यांच्या मुलखात लूटमार करत. इंग्रजांची इकडे आड तिकडे विहीर अशी गत होती. सिद्दीला हाकलावं, तर मोगल सुरतेचा व्यापार बंद करणार. थारा द्यावा, तर समोरच्या किनाऱ्यावरून येणारं धान्य आणि जळण शिवाजी महाराज अडवणार. या कोंडीवर महाराजांनी काढलेला तोडगा म्हणजे खांदेरी. मुंबईत शिरणारं आणि तिथून निघणारं प्रत्येक जहाज त्या बेटावरून दिसतं. तिथे तोफा आणि माणसं बसली की माझगावच्या सिद्दीवर नजर राहणार होती, आणि इंग्रजांच्या मानेवर हातही. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण अशा पूर्णपणे घाटावरच्या परगण्यांची जहागीर ज्या घराकडे होती, त्या घरातल्या राजाने समुद्राचं हे गणित इतकं नेमकं मांडावं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. १६७२ साली केलेला पहिला प्रयत्न इंग्रज आणि सिद्दी यांच्या विरोधामुळे सोडून द्यावा लागला होता. १६७९च्या ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात, महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसं आणि थोड्या लहान तोफा घेऊन बेटावर उतरले. त्यांनी दगडमातीचा कोट उभारायला सुरुवात केली.

मुंबईच्या इंग्रजांचा दावा कागदावरचा होता. १६६१च्या विवाह-तहाने पोर्तुगालने मुंबईचं बंदर आणि बेट इंग्लंडच्या राजाला दिलं, राजाने ते १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, आणि खांदेरी मुंबईच्या मालकीची, म्हणून ती कंपनीची, अशी त्यांची मांडणी होती. साखळी दिसायला पक्की आहे. पण तिची पहिली कडीच सैल होती. मुंबई म्हणजे नेमकं काय, यावर देणारा आणि घेणारा यांचं पहिल्या दिवसापासून पटलेलं नव्हतं. इंग्रज म्हणत साष्टीसुद्धा यात आली. पोर्तुगीज म्हणत तहात आहे ते एकच बेट, माहीमही त्यात धरू नका. ताबा मिळेपर्यंत इंग्रजांची जी दशा झाली ती ऐकण्यासारखी आहे. १६६२ साली आलेल्या त्यांच्या फौजेला पोर्तुगीजांनी मुंबईत पाऊल ठेवू दिलं नाही. शेवटी सर अब्राहम शिपमन आपले चारशेच्या आसपास सैनिक घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिला. रोगराईने तिथे माणसं भराभर मेली, १६६४ साली शिपमनही गेला, आणि १६६५च्या फेब्रुवारीत मुंबईचा ताबा घ्यायला हम्फ्री कुक पोहोचला तेव्हा त्याच्याजवळ जेमतेम शंभराच्या घरात माणसं उरली होती. ज्या दस्तऐवजातून मुंबईच पदरात पडायला एवढे प्राण गेले, त्यातून समोरच्या समुद्रातला आणखी एक खडक आपसूक निघेल असं मानणं धाडसाचंच होतं.

मायनाक भंडाऱ्यांना बेट सोडायला सांगण्यात आलं. धन्याच्या हुकुमाशिवाय आपण हलणार नाही, असं त्यांनी कळवलं. इंग्रजांनी आधी शिबाडं पाठवून बेटाची रसद तोडायचा प्रयत्न केला. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प दारूच्या नशेत बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. मग रिचर्ड केग्विन आणि मिंचिन यांच्या हाताखाली ‘रिव्हेंज’ ही मोठी फ्रिगेट आणि तिच्याबरोबर लहान गलबतांचा ताफा आला. १८ ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखानाच्या मराठी आरमाराने त्यावर हल्ला चढवला. ‘डव्ह’ नावाचा इंग्रजी गुराब मराठ्यांच्या हाती लागला, बाकीचा ताफा पांगला; पण एकटी ‘रिव्हेंज’ तोफा डागत उभी राहिली आणि मराठी गलबतांना माघार घ्यावी लागली. त्या दिवसाची लढाई कोणी जिंकली, यावर वाद घालता येईल. समोरासमोरच्या तोफांच्या माऱ्यात इंग्रजांचं पारडं जड होतं, हे कबूल करायला हरकत नाही. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. मोठं जहाज उथळ पाण्यात आणि खडकांच्या आसपास रात्रीचं फिरू शकत नव्हतं. मराठ्यांच्या लहान होड्या काळोखात वल्हवत निघत, धान्य, दारूगोळा आणि माणसं पोहोचवत आणि उजाडायच्या आत परतत. रोज सकाळी कोट आदल्या दिवसापेक्षा थोडा उंच झालेला दिसे. दुसरीकडे मराठ्यांची फौज कल्याण-भिवंडीकडून मुंबईवर उतरायच्या तयारीत असल्याने मुंबईकरांच्या उरात धडकी भरली होती. शेवटी सुरतेच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी हिशेब केला. खडकापायी जहाजं आणि माणसं खर्ची घालण्यापेक्षा व्यापार सांभाळावा, हे त्यांना पटलं. १६८०च्या सुरुवातीला समेट झाला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

आता एकदम १९२८ सालात येऊ. फिलिपिन्स आणि त्या वेळचं डच इंडिज यांच्या मधे पाल्मास नावाचं सुमारे तीन किलोमीटर लांबीचं बेट आहे. आज ते मियांगास म्हणून इंडोनेशियात आहे. १८९८च्या पॅरिस तहाने स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेला दिले, आणि तहात आखलेल्या रेषेच्या आत पाल्मास येत होतं. १९०६ साली अमेरिकी जनरल लेनर्ड वुड तिथे गेला, तर बेटावर डच झेंडा फडकत होता. हा वाद स्विस न्यायविद माक्स ह्यूबर यांच्याकडे लवादासाठी गेला. त्यांनी ४ एप्रिल १९२८ रोजी बेट नेदरलँड्सचं ठरवलं. निवाड्याचा गाभा असा: स्पेनजवळ जे नव्हतं ते स्पेन अमेरिकेला देऊ शकत नव्हता. बेट पहिल्यांदा कोणी पाहिलं, एवढ्यावर हक्क टिकत नाही. बेट कोणाच्या किनाऱ्याला जवळ आहे, यावरही टिकत नाही. हक्क टिकतो तो तिथे सातत्याने आणि उघडपणे सत्ता चालवण्यावर. कर घेणं, न्याय देणं, झेंडा लावणं, माणूस ठेवणं, ही ती सत्ता. स्पेनच्या जागी पोर्तुगाल आणि अमेरिकेच्या जागी कंपनी ठेवून पाहा; खांदेरीवरचा इंग्रजांचा दावा त्याच जागी मोडतो. पोर्तुगीजांनी खांदेरीवर सत्ता चालवलीच नसेल, तर त्यांच्या तहाने ती कंपनीकडे कशी जाणार? पण प्रामाणिकपणे हेही म्हणायला हवं, की ह्यूबर यांच्या कसोटीवर मराठ्यांचाही एक सोयीचा मुद्दा गळून पडतो. बेट आमच्या थळसमोर आहे म्हणून आमचं, एवढं म्हणून भागत नाही. मराठ्यांचा हक्क उभा राहिला तो वर चढत गेलेल्या कोटावर आणि नंतरच्या १३९ वर्षांवर. १७१८ साली मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने केलेला हल्लाही फसला, आणि १८१८ साली मराठी राज्य बुडालं तेव्हाच खांदेरी इंग्रजांना मिळाली.

हा नियम फक्त समुद्रापुरता नाही, आणि त्याचा सर्वांत बोलका दाखला पेशव्यांच्या दफ्तरातून निघाला आहे. दादरा आणि नगर हवेली म्हणजे पोर्तुगीजांची जमिनीवरची बेटंच; चहूबाजूंनी भारत आणि मधे परक्या झेंड्याखालची गावं. १९५४ साली ती मुक्त झाल्यावर पोर्तुगाल आपल्या दमणहून तिथे जाण्याचा हक्क मागत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. त्याने पुढे केलेले मुख्य कागद मराठी सत्तेचे होते: १७७९चा पुण्याचा तह, आणि १७८३ व १७८५च्या सनदा. भारताचं म्हणणं होतं की पेशव्यांनी गावांचा महसूल दिला, राज्य दिलं नाही. १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने हे मान्य केलं. त्या सनदांनी पोर्तुगालला मिळाला तो वसुलीचा अधिकार, सार्वभौमत्व नव्हे. कागद वाचण्यापुरता भारत जिंकला. पण न्यायालय तिथे थांबलं नाही. पुढे इंग्रज आले, त्यांनी त्या गावांवर पोर्तुगालची पूर्ण सत्ता आहे असंच धरून शंभरावर वर्षं व्यवहार केला, स्वतंत्र भारतानेही काही वर्षं तेच केलं. म्हणून पोर्तुगालचं सार्वभौमत्व वागणुकीतून उभं राहिलं, असं त्याने ठरवलं. म्हणजे सनदेत जे नव्हतं ते वहिवाटीने आणि शेजाऱ्याच्या गप्प बसण्याने दिलं. अखेर नागरिक आणि माल यांना वाट होती, सैन्याला नव्हती, आणि भारताने कुठलंही कर्तव्य मोडलेलं नाही, असा निकाल लागल्याने आपल्याकडे त्याचं समाधानच झालं. पण आपली सनद आपण नीट वाचून घेतली आणि वागणुकीने ती गमावली, ही त्यातली गोम फारशी कोणी बोलत नाही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. वहिवाटीला एवढं महत्त्व दिलं, तर बळी तो कान पिळी एवढाच कायदा उरेल. आज कोणी बेटावर सैनिक उतरवले आणि शंभर वर्षं टिकवले की ते त्याचं. खांदेरीच्या शेजारीच याचा पुरावा म्हणून उंदेरी उभी आहे. खांदेरीवरून मराठ्यांना हटवता येत नाही असं दिसल्यावर सिद्दी कासमने जानेवारी १६८०मध्ये उंदेरी गाठली आणि तिथे आपला कोट बांधला. १६८१ साली संभाजी महाराजांच्या माणसांनी ती घ्यायचा प्रयत्न केला, तो फसला, आणि पुढची कित्येक दशकं उंदेरी मुख्यतः सिद्दीच्याच हाती राहिली. मायनाक भंडाऱ्यांचा कोट हक्क निर्माण करतो आणि कासमचा करत नाही, असं म्हणायला मला जागा नाही. आपल्या बाजूच्या वहिवाटीला पराक्रम आणि दुसऱ्याच्या वहिवाटीला घुसखोरी म्हणण्याची सवय इतिहासाच्या पुस्तकांना असेल, युक्तिवादाला परवडत नाही. पण नुसता ताबा आणि वहिवाट यांत फरक आहे. वहिवाटीला काळ लागतो, उघडपणा लागतो आणि दुसऱ्या बाजूची संमती किंवा मौन लागतं. म्हणून तर वाद पेटल्यानंतर केवळ दाखवण्यासाठी केलेल्या कारवाया आजचे लवाद फारशा हिशेबात धरत नाहीत. खांदेरीचा हक्क उतरण्याच्या दिवशी पुरा झाला नाही, समेटाने आणि पुढच्या काळाने झाला. मौनाची किंमत किती असते, ते सिंगापूर-मलेशिया वादात दिसलं. पेद्रा ब्रांका या जेमतेम १३७ मीटर लांबीच्या खडकावर मूळ हक्क मलेशियाच्या बाजूच्या जोहोरच्या सुलतानाचा होता, हे न्यायालयाने मान्य केलं. पण १८५१पासून तिथलं दीपगृह सिंगापूर चालवत आलं आणि १९५३ साली जोहोरच्या अधिकाऱ्याने खडकावर आपला दावा नाही असं लिहून दिलं. २००८ साली खडक सिंगापूरला मिळाला. शेजाऱ्याने नांगर घातला आणि आपण हरकत घेतली नाही, तर दोष नांगराला देता येत नाही. बांधाच्या भांडणाला मामलेदार तरी असतो. दोन देशांवर असा कोणी नसतो, दोघे राजी असतील तरच हेगची पायरी चढता येते. म्हणून वेळच्या वेळी नोंदवलेली हरकत हीच तिथे मोठी ढाल ठरते.

अधिक अवघड आक्षेप अंजदीवचा आहे, आणि तो आपल्यालाच बोचणारा आहे. शिपमनची माणसं जिथे मेली तेच हे दीड चौरस किलोमीटरचं बेट. पोर्तुगीजांनी १५०५ साली तिथे किल्ला बांधायला घेतला आणि लवकरच सोडूनही दिला. १६८२ साली संभाजी महाराज ते घेणार असं दिसताच विजरई कोंद द आल्व्होरने घाईघाईने तिथे फौज पाठवून तटबंदी केली, आणि मराठे-पोर्तुगीज युद्धाला एक निमित्त मिळालं. तेव्हापासून १९६१पर्यंत, म्हणजे पावणेतीनशे वर्षांहून जास्त, बेट त्यांच्याकडे होतं. १७ नोव्हेंबर १९६१ रोजी बेटावरच्या शिबंदीने ‘साबरमती’ या भारतीय प्रवासी बोटीवर गोळ्या झाडल्या, आणखी काही दिवसांनी एक मच्छीमार त्यांच्या गोळीने मेला, आणि गोव्यावरच्या लष्करी कारवाईचा मुहूर्त जवळ आला. १८ डिसेंबरला ‘त्रिशूल’ आणि ‘म्हैसूर’ या युद्धनौकांची तुकडी अंजदीववर उतरली. पांढरं निशाण दिसल्यावर पुढे सरकलेल्या भारतीय नौसैनिकांवर गोळीबार झाला आणि सात जण कामी आले. वहिवाट हाच न्याय असेल, तर भारताने इथे काय केलं? याचं उत्तर असं, की विसाव्या शतकाने सातबाऱ्यावर आणखी एक रकाना वाढवला: त्या मुलखातल्या लोकांची इच्छा. १४ डिसेंबर १९६०च्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाने वसाहतींचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला, आणि गोवा आमचा सागरपार प्रांत आहे हा पोर्तुगालचा बचाव आमसभेने त्याच सुमाराला नाकारला. बळ वापरलं याबद्दल सुरक्षा समितीत भारतावर टीका झाली आणि सोव्हिएत नकाराधिकारामुळेच ठराव अडला, हे लपवण्यात अर्थ नाही. पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४च्या करारात भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं तेव्हा ते प्रकरण खरं मिटलं. तरी वहिवाटीचा पगडा पाहा. अंजदीव कारवारच्या डोळ्यांसमोर आहे, पण ते कर्नाटकात नाही. गोव्याच्या काणकोण तालुक्यात आहे. झेंडा गेला, पण कोणता प्रदेश कोणत्या कचेरीखाली, हा पोर्तुगीजांनी पाडलेला पायंडा भारतीय नकाशातही तसाच राहिला.

छत्रपती, कंपनी आणि सिद्दी यांना आजच्या अर्थाने देश म्हणणं ओढूनताणून आहे, असंही कोणी म्हणेल. म्हणेनात का. तिघेही तह करत होते, कर घेत होते आणि आरमार बाळगत होते. ह्यूबर यांनी डचांच्या बाजूने जो पुरावा मोलाचा मानला, त्यातला बराचसा डच ईस्ट इंडिया कंपनीने स्थानिक सरदारांशी केलेल्या करारांचाच होता.

बेट एवढंसं आणि भांडण एवढं मोठं का, याचं कारण मात्र काळाबरोबर बदललं आहे. १६७९ साली खांदेरीचं मोल तिच्यावरून दिसणाऱ्या वाटेचं होतं. आज बेट हे समुद्र मोजायचं सुरुवातीचं टोक आहे. १९८२च्या सागरी कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, देशाचा स्वतःचा समुद्र. आणि २०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, मासळी आणि तळाखालच्या तेल-वायूवर हक्क. भर समुद्रातल्या एकाकी बेटाभोवती एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं, तर ते ४ लाख ३१ हजार चौरस किलोमीटर भरतं. सगळा महाराष्ट्र तीन लाख आठ हजारांच्या आत आहे. ज्या खडकावर माणसांची वस्ती किंवा स्वतःचं आर्थिक जीवन टिकू शकत नाही त्याला हे मोठं वर्तुळ मिळत नाही, अशी अट करारात आहे, आणि म्हणूनच ओसाड खडकांवर घरं, धावपट्ट्या आणि पाण्याच्या टाक्या दाखवण्याची चढाओढ लागते. बंगालच्या उपसागरात १९७०च्या चक्रीवादळानंतर वर आलेल्या ज्या बेटावर भारत आणि बांगलादेश दोघांनीही हक्क सांगितला होता, ते नंतर पाण्याखाली गेलं. समुद्राच्या हद्दीचा वाद मात्र २०१४च्या लवादापर्यंत चालूच राहिला.

इथवर मी वहिवाटीची बाजू घेतली. पण खांदेरीवर १६७९च्या आधी वहिवाटच नव्हती, असं म्हणताना एक गोष्ट हिशेबाबाहेर राहते. थळ-अलिबागच्या कोळ्यांच्या होड्या त्या पाण्यात किल्ल्याच्या फार आधीपासून होत्या, आणि खांदेरीवरचा वेताळ त्यांचा देव आहे. इंग्रज, मराठे आणि सिद्दी आपापले कागद आणि तोफा मोजत होते, तेव्हा या लोकांची ये-जा कोणाच्याच पुराव्यात नव्हती. आजचा कायदाही त्यांना धरत नाही. सिपादान आणि लिगितान या दोन चिमुकल्या बेटांच्या वादात इंडोनेशियाने सांगितलं, की आमचे कोळी तिथे पिढ्यानपिढ्या जातात. २००२ साली हेगच्या न्यायालयाने हे खासगी लोकांचं वागणं म्हणून बाजूला ठेवलं, कारण त्यामागे सरकारी अधिकार नव्हता. बेटं मलेशियाला मिळाली, आणि त्यात मोजल्या गेलेल्या गोष्टींपैकी एक होती कासवाची अंडी गोळा करण्यावर ब्रिटिश वसाहत सरकारने घातलेले निर्बंध. अंडी गोळा करणारे पिढ्यानपिढ्या येत राहिले त्याला किंमत नाही; त्यांच्यासाठी नियम लिहिणाऱ्या कारकुनाला आहे. मला हे पटत नाही. सरकारची पावती नसेल तर कसणाऱ्याची नोंदच नाही, असं म्हणणारी पीकपाहणी आपण गावात तरी चालवून घेतली नसती.

या त्रुटीचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो, ते कच्चतीवूत दिसतं. रामेश्वरम आणि श्रीलंकेच्या मधलं हे २८५ एकरांचं बेट. गोड पाणी नाही, कायमची वस्ती नाही, संत अंतोनीचं एक चर्च आणि वर्षातून एकदा भरणारी जत्रा. १९२१पासून भारतातलं आणि सिलोनमधलं ब्रिटिश सरकार यावर एकमेकांशी घासाघीस करत होतं. भारताच्या बाजूने रामनाडच्या जमीनदारीची कागदपत्रं होती. जून १९७४मध्ये इंदिरा गांधी आणि सिरिमावो बंदरनायके यांच्या सरकारांनी करार केला आणि बेट श्रीलंकेच्या हद्दीत गेलं. हे अयोग्यच होतं, असं मी म्हणणार नाही. ज्या बेटावर आपण क्वचितच सत्ता चालवली, त्यासाठी शेजाऱ्याशी कायमचं वैर धरायचं नाही, या विचाराला वजन आहे. शिवाय करारातल्या पाचव्या कलमाने भारतीय मच्छीमार आणि भाविक यांना पूर्वीसारखं बेटावर यायची मुभा ठेवली होती. पण १९७६च्या पत्रव्यवहाराने सागरी हद्दीच्या पलीकडची मासेमारी बंद केली, आणि जाळी वाळवायला बेटावर यावं, पण भोवतालच्या पाण्यात जाळं टाकू नये, अशी विचित्र स्थिती झाली. तमिळनाडूच्या मच्छीमारांना अटक होते तेव्हा बेट परत घ्या अशी हाक उठते. बेट परत घेतल्याने प्रश्न सुटेल, असं वाटत नाही. भारतीय ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडून नेतात, ही उत्तर श्रीलंकेतल्या तमिळ मच्छीमारांचीच तक्रार आहे, आणि ती खरी आहे.

मार्ग दुसरीकडे सापडतो. लाल समुद्रातल्या हनीश बेटांसाठी इरिट्रिया आणि येमेन यांच्यात १९९५ साली गोळीबारापर्यंत वेळ गेली. १९९८ साली लवादाने त्यांतली मुख्य बेटं येमेनला दिली, आणि त्याच निवाड्यात सांगितलं, की दोन्ही किनाऱ्यांवरच्या लहान मच्छीमारांची तिथली परंपरागत ये-जा, मासेमारी आणि आसरा तसाच चालू राहील. झेंडा कोणाचाही असो. ही मुभा मोठ्या औद्योगिक ताफ्यांना नाही, परंपरेने मासे धरणाऱ्यांना आहे, हा फरकही पुढच्या निवाड्यात राखला गेला. बेटाची मालकी ठरवताना कोळ्याला साक्षीदार करायचं नसेल तर नका करू, पण मालकी ठरल्यावर त्याची वाट बंद करायला ती मालकी कारण होऊ नये, एवढं हा निवाडा मानतो. कच्चतीवूबाबत भारत आणि श्रीलंका यांच्यात पुढे कधी बोलणी झाली, तर १९७४चा करार फाडण्यापेक्षा त्याच्या पाचव्या कलमाला १९७६ने काढून घेतलेला अर्थ परत देणं, लहान होड्यांना ठरावीक दिवस आणि ठरावीक पाणी देणं, आणि ट्रॉलर दोन्ही बाजूंनी बंद करणं, हा विषय आधी घ्यावा लागेल.